सई ड्रेस होते

माझ्या सख्ख्या भाचीने मला फसवलं. सईने. घरात असं बोललो की आमची सुनंदा म्हणते, शब्द जपून वापरा. मी जपूनच वापरतो. माझा धंदाच तो आहे. बंद पडलेल्या हॉटेलांतले फ्रीज, भट्ट्या, स्टीलची टेबलं मी विकत घेतो आणि नव्याने हॉटेल काढणाऱ्यांच्या गळ्यात घालतो. इचलकरंजीहून मिनेसोटात आलो तेव्हा दुसऱ्याच्या गोडाऊनमध्ये हीच ओझी वाहत होतो. आज ईडन प्रेरीला स्वतःचं गोडाऊन आहे. समोरचं गिऱ्हाईक फ्रीजचं दार उघडून आत कसं डोकावतं, यावरून ते घेणार की नुसतं थंड हवा खाणार, हे मला कळतं. अशा मला एका कॉलेजच्या पोरीने, दर रविवारी माझ्याच घरी वरणभात ओरपत, चक्क फसवलं.

सईला तुम्ही कुठेही भेटलात तर आधी तिचा हात दिसेल, कारण तो कुठल्या तरी दारावर असतो. दार स्वतःसाठी उघडणं तिला ठाऊक नाही. ती दुसऱ्यांसाठी उघडते. रविवारी आमच्याकडे आली की मी फ्रीजकडे निघायचा अवकाश, ही पुढे.

"काय हवं, मामा?"

"ताक."

दार उघडणार, मी ताक घेणार, दार बंद. पुन्हा तिचा हात कडीवर. मीठ घ्यायला कपाटाकडे वळलो तर तिथेही ती.

मंडळाचा गणपती एका शाळेच्या जिममध्ये असतो. सगळे आरतीला टाळ्या वाजवत असतात आणि ही बाई त्या लोखंडी दांड्याच्या दाराला पाठ लावून उभी. उशिरा येणाऱ्या प्रत्येकाला आत घेते आणि प्रत्येकाला सांगते, "सांभाळून, उंबरा आहे." तिथे उंबरा नाही. सपाट फरशी आहे. तरी लोक पाय उचलतात. एका वर्षी तर मंडळाचे अध्यक्ष प्रसादाचं पातेलं घेऊन नसलेला उंबरा ओलांडायला गेले आणि तोल जाऊन बसता बसता राहिले.

माझ्या गोडाऊनमध्ये पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला हौसेने एवढ्या मोठ्या भट्ट्या दाखवल्या. तिने एकीकडेही पाहिलं नाही. एका कोल्डरूमच्या दाराला कान लावला, ते हळूहळू पुढेमागे केलं आणि म्हणाली, "मामा, हे दार रडतंय." पुढच्या रविवारी तेलाची बाटली घेऊन आली. जी कोल्डरूम मी "जशी आहे तशी" म्हणून गिऱ्हाइकांना दाखवत होतो, तिची बिजागरं तिने फुकट चकचकीत करून दिली. मी खूश झालो, पण डोक्यात प्रश्न राहिलाच. या पोरीला झालंय काय?

उंबरा हा शब्द तिला सुनंदाने दिला. अमेरिकेतल्या घरांना उंबरा नसतो हे सुनंदाला आजही पटलेलं नाही. तिने सुताराकडून लाकडाची पट्टी ठोकून घेतली आणि दिवाळीला तिच्यावर हळदकुंकू वाहते. सई एकदा त्या पट्टीवर उभी राहिली तर सुनंदा ओरडली, "अगं, उंबऱ्यावर उभं राहू नये! उंबऱ्यावरून काही देऊघेऊ नये!"

"का?"

सुनंदाने तिला हिरण्यकश्यपूची गोष्ट सांगितली. आतही नाही, बाहेरही नाही, असा मधेच त्याचा जीव गेला. सई डोळे विस्फारून ऐकत होती. मग म्हणाली, "इट्स अ होल थिंग!" हे तिचं पालुपद. जे समजावून सांगता येत नाही, किंवा सांगायचं नसतं, ते सगळं "होल थिंग". भाजी का खात नाहीस? इट्स अ होल थिंग, मामी. आईला फोन का करत नाहीस? इट्स अ होल थिंग.

आता फसवणुकीकडे येतो.

सई इथल्या एका कॉलेजात शिकते आणि मुलींच्या आइस हॉकीच्या टीममध्ये आहे. तिचे आईवडील, म्हणजे माझी ताई आणि दाजी, टेक्ससमध्ये फ्रिस्कोला असतात. त्यामुळे इथे मामा म्हणजे मीच तिचं सगळं. पहिल्या रविवारी ती म्हणाली, "मामी, मी गोली आहे." सुनंदाने हातातला डाव खाली ठेवला. "कसली गोळी घेतेस गं?" गोली म्हणजे गोलकीपर, हे कळायला एक जेवण गेलं. पुढे ती शुक्रवारी फोन करायची, "मामा, उद्या मी ड्रेस होतेय." सुनंदाला वाटलं, कॉलेजात काही समारंभ असेल. तिने कुरियरने पंजाबी ड्रेस पाठवला, वर चिठ्ठी, की आत स्वेटर घाल.

मी सुनंदापेक्षा हुशार. मी सरळ विचारलं, "तू मॅचमध्ये खेळतेस ना?"

"आय ड्रेस फॉर एव्हरी गेम, मामा."

हे तिचे शब्द. जसेच्या तसे. मी कुठलाही कागद सही करण्याआधी तळापर्यंत वाचणारा माणूस. पण त्या "ड्रेस"खाली काय लिहिलंय ते बघायची बुद्धी मला झाली नाही. प्रत्येक मॅचला ड्रेस होते म्हणजे प्रत्येक मॅचला खेळते, असं मी धरून चाललो. तुम्हीही धरलं असतंत.

त्या भरवशावर मी सईचा गोलीच्या चिलखतासारख्या पोशाखातला फोटो मोठा करून गोडाऊनच्या काउंटरमागे लावला. मंडळात सांगितलं की मिनेसोटातल्या गोऱ्या पोरींचे गोल आपली इचलकरंजीची भाची अडवते. इचलकरंजी तिने पाहिलीय ती लग्नकार्यापुरती, पण रक्त कुठे जातं? आणि एका शनिवारी दुपारी मी चार गाड्या भरून माणसं मॅचला नेली. त्यात देवधर होते. देवधर पुण्याचे, कुठल्याशा कंपनीत मॅनेजर, आणि त्यांना माहीत नाही असं काही नसतं.

मॅच सुरू झाली. म्हणजे झाली असावी. बर्फावर पोरी सुसाट इकडून तिकडे जात होत्या, मधेच भिंतीला आपटत होत्या, लोक ओरडत होते. ज्या चकतीसाठी हे चाललं होतं ती आमच्यापैकी एकालाही दिसली नाही. शिट्टी वाजली. देवधर म्हणाले, "आयसिंग झालं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे..." देवधरांनी चष्मा पुसला. "झालं."

गोलमध्ये उभी असलेली मुलगी सईपेक्षा वीतभर उंच होती. तिच्या पाठीवरचं नावही सईचं नव्हतं. मी म्हटलं, सई दुसऱ्या बाजूच्या गोलमध्ये असेल. सुनंदा म्हणाली, "अहो, ती दुसऱ्या कॉलेजची बाजू." मग आमच्या चार गाड्यांमधली माणसं सईला शोधायला लागली. सुनंदाला ती सापडली.

बर्फाच्या कडेला बदली खेळाडूंचा बाक असतो. बाकाला एक बुटकं दार असतं. त्या दाराशी, अंगाला दोन गाद्या गुंडाळल्यासारखं चिलखत घालून, डोक्यावर टोपी ठेवून, सई स्टुलावर बसली होती. हात कडीवर. दमलेली पोरगी येई, सई दार उघडे, पोरगी आत. ताजी पोरगी बाहेर, दार बंद. वर गंमत अशी की निम्म्या पोरी दाराकडे ढुंकूनही न बघता भिंतीवरून उड्या मारून जात होत्या. मग दार कशाला? आणि दाराला गोली कशाला?

देवधर बराच वेळ बघत होते. मग माझ्याकडे वाकून अगदी आदराने विचारलं, "जाधव, तुमची भाची वॉचमन आहे का हो?"

मी बर्फावर चकती शोधत राहिलो.

"नाही, काम चोख आहे," ते म्हणाले. "वेळेवर उघडते."

त्या दिवसापासून मंडळात मी दिसलो की कुणी ना कुणी विचारतं, "काय जाधव, दार उघडं का?" इचलकरंजीत असं बोलणाऱ्याचा दात पडला असता.

मॅच संपल्यावर सई धावत आली. गाल लाल, केस ओले. "मामा! पाहिलंस ना? एकदा पण दार अडकलं नाही!"

"तू म्हणाली होतीस खेळतेस."

"मी म्हणाले होते ड्रेस होते. ड्रेस होते ना?" ती स्वतःच्या चिलखताकडे बोट दाखवून हसली. बदली गोलीने नखशिखांत तयार होऊन बाकावर बसायचं, यालाही ड्रेस होणंच म्हणतात. तेवढ्यात टीममधल्या दोन पोरी मागून गेल्या, सईच्या डोक्यात टपली मारली आणि एका सुरात ओरडल्या, "उंब्रा, उंब्रा!" बाकाच्या दाराखाली एक पट्टी असते, तिच्यात स्केटचं पातं अडकून पोरी तोंडावर पडतात, म्हणून सई प्रत्येकीला तो शब्द ओरडून सांगते. आता ती अख्खी टीम तो ओरडते. उत्तर मिनेसोटातल्या शेतकऱ्यांच्या पोरी! सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोक्यात रक्त चढलं होतं.

मी कोचला भेटायला गेलो. पोरीच्या वतीने बोलायला कुणीतरी हवं. कोच म्हणजे उंच, पांढऱ्या वेणीची बाई. तिच्या खोलीत खुर्च्या कमी, काठ्या जास्त. धंद्यात माझा एक नियम आहे, आपण आधी बोलायचं नाही. समोरच्याचा दम निघत नाही, तो बोलतो आणि तिथेच हरतो. मी बसलो आणि गप्प राहिलो. पण मिनेसोटाची माणसं! त्यांना गप्प बसायला काहीच कष्ट पडत नाहीत. बाई माझ्याकडे बघून हसली. खिडकीबाहेर बघितलं. मग एक काठी घेऊन तिला टेप गुंडाळायला लागली. ती काठी झाली, दुसरी घेतली.

शेवटी मीच बोललो. धंद्यातसुद्धा असं कधी झालं नाही.

म्हटलं, माझ्या भाचीला एक मॅच द्या. पेयांचा तुमचा तो कोपऱ्यातला फ्रीज आजारी आहे, आवाजावरून कळतंय, मी नवा पाठवतो. बाई एकदम ताठ झाली. फ्रीज घेता येत नाही म्हणाली, नियम आहेत, आणि पुन्हा त्या शब्दाचा उच्चारही करू नका. बरं. मग मी दुसरा रस्ता धरला. पोरगी वाईट खेळते का? नाही, चांगली खेळते. मग लपवता कशाला? बाईने काठी खाली ठेवली.

"मी तिला तीनदा विचारलं," ती म्हणाली. "तीनदा ती म्हणाली, दुसऱ्या कुणाला तरी खेळवा."

मी चक्रावलो. पण चक्रावलेला चेहरा गिऱ्हाइकाला दाखवायचा नसतो. मी विचारलं, "टीम तुम्ही चालवता की ती?"

हे लागलं. कुठल्याही देशातल्या साहेबाला हे लागतंच. बाईने हात पुढे केला. घरच्या मैदानावरची शेवटची मॅच, सई पहिल्यापासून गोलमध्ये. सौदा पक्का. मी गाडीत बसल्या बसल्या ताईला फ्रिस्कोला फोन लावला. दाजींनी तिथल्या तिथे विमानाची तिकिटं काढली. देवधरांना मी स्वतः आमंत्रण दिलं.

दोन दिवसांनी दुपारी सई गोडाऊनमध्ये आली. पहिल्यांदाच दार तिच्या हातून धाडकन आपटलं. उलट्या ठेवलेल्या एका क्रेटवर बसली.

"मामा, तू कोचला काय सांगितलंस?"

"तुझा हक्क मागितला."

"मी मागितला होता?"

"तू मागत नाहीस म्हणून तर मी मागितला! मला कळत नाही सई, माणूस गोली होतो कशाला? गोल अडवायला ना?"

"इट्स अ होल थिंग," ती म्हणाली.

"असू दे. मला वेळ आहे. सगळी थिंग सांग."

तिने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. मग अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश असं सुरू झालं. नऊ वर्षांची होती. दाजींचा प्रोजेक्ट बदलला म्हणून वेस्ट विंडसरला आले, वर्षाच्या मधेच. वर्गात सगळ्यांच्या जोड्या आधीच झालेल्या. तिथल्या बर्फाच्या रिंकवर मुलींची टीम भरलेली होती, पण गोली नव्हती. "गोली कुणालाच व्हायचं नसतं, मामा. सो दे टेक एनीबडी." हिला घेतलं. दोन वर्षांत पुन्हा क्लायंट बदलला, पुन्हा गाव. मग पुन्हा. शेवटी फ्रिस्को. प्रत्येक नव्या गावात ती आधी रिंक शोधायची.

"नवीन शाळेत लंचला कुठे बसायचं, तेच कळत नाही. खूप दिवस. गोलीला विचारावं लागत नाही. गोल एकच असतो. तिथे जाऊन उभं राहायचं."

"मग आता उभं राहायला काय होतं?"

"तिथे कुणी नसतं रे." ती माझ्याकडे बघत नव्हती. "सगळ्या तिकडे, लांब. इकडे कुणी आलंच तर मारायलाच येतं. आणि दाराशी... मामा, दाराशी सगळ्या येतात. प्रत्येक जणी माझ्याकडून जाते आणि माझ्याकडेच परत येते. बसायच्या आधी माझ्या डोक्यावर टपली मारतात. एव्हरी सिंगल टाइम."

"मग इतकी वर्षं गोल अडवायला शिकलीस कशाला?"

"आत यायला," सई म्हणाली.

मी ओरडलो. म्हटलं, हातात हात दिलाय, सौदा झालाय, आईबाप येतायत, आता मागे फिरायचं नाही. ती "ओके" म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी कच्चा नाही. पण ती उठली, बाहेर ढकलगाडी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला दार धरून उभी राहिली, आणि तो आत आल्यावर निघून गेली. कोचला नको म्हणून कळवायला मी फोन हातात घेतला होता. पण दिलेला शब्द मागे कसा घेतात, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

मॅचच्या दिवशी सई गोलमध्ये होती. दारावर ती उंच पोरगी, मॅडी, टोपी घालून बसली होती आणि प्रत्येक वेळी क्षणभर उशिरा उघडत होती. आम्ही गोलच्या बाजूच्या काचेशी बसलो. ताई हात जोडून, दाजी फोनवर शूटिंग करत, देवधर सगळ्यांना नियम समजावत.

सई चांगली खेळली. वाईट खेळली असती तर मला हे लिहावंच लागलं नसतं. एकदा तर आडवी पडून पायाने काहीतरी अडवलं आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. देवधर माझा खांदा दाबून ओरडत होते, "सेव्ह! सेव्ह! अहो, याला सेव्ह म्हणतात!" चकती मला तेव्हाही दिसली नाही. मी पोरीकडे बघत होतो. खेळ पलीकडे गेला की अख्ख्या अर्ध्या बर्फावर ती एकटी. पलीकडे सगळ्या दहाजणी एकमेकींत गुंतलेल्या, आणि ही बाकाच्या दाराकडे बघत उभी. मॅडीने दार उघडलं की जाळीच्या आत सईचे ओठ हलायचे. एवढ्या लांबून कोण ऐकणार? काचेतून मलाही ऐकू येत नव्हतं. पण त्या शब्दात मधे ओठ मिटावे लागतात, तेवढे मला दिसत होते.

सईचं कॉलेज जिंकलं. देवधरांनी माझा हात धरून सांगितलं, "मानलं तुमच्या भाचीला." ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते माझ्या हातात आलं, आणि ते घेऊन मी पार्किंगच्या रस्त्यावर उभा होतो. सई अजून आत होती. बाहेर गारठा मरणाचा.

दाजी खुशीत होते. शूटिंग पुन्हा पुन्हा बघत होते. माणूस वाईट नाही. क्लायंट म्हणेल तिथे गेला, मान खाली घालून राबला, पोरीला काही कमी पडू दिलं नाही. मला म्हणाले, "आमची सई पहिल्यापासून अशीच, इंडिपेंडंट. कुठेही टाका, ॲडजस्ट होते. चार शाळा बदलल्या, पण एकदाही रडली नाही."

"दाजी," मी म्हणालो, "त्या चार शाळांतल्या तिच्या चार मैत्रिणींची नावं सांगा."

ते हसले. "आता एकदम कशी आठवतील रे?" त्यांनी ताईकडे बघितलं. "ती गं, बर्थडेला आली होती... कुरळ्या केसांची."

"ती शेजारच्यांची," ताई हळूच म्हणाली. "सईच्या वर्गात नव्हती."

"बरं, चार राहू द्या. दोन सांगा."

"अरे, व्हिसा होता, प्रोजेक्ट होते. तुला काय कळणार? तुझा स्वतःचा धंदा."

"व्हिसा मला सांगू नका, मीही भोगलाय. मी नावं विचारतोय."

दाजींनी फोन खिशात घातला. ताई स्वतःच्या बुटांकडे बघत होती. सुनंदाने माझी बाही ओढली. पण आता मी थांबणार नव्हतो. मालाचा भाव एवढा खाली मी आजवर कुणासाठी आणलेला नाही. "बरं, एक सांगा. आडनाव नको. कुठल्या गावातली तेही नको. फक्त एक नाव."

तेवढ्यात सई बाहेर आली आणि दाजी तिला मिठी मारायला गेले.

दुसऱ्या दिवशी ते फ्रिस्कोला परतले. तेव्हापासून मी रोज दुपारी त्यांना फोन करतो. ते म्हणतात, मीटिंगमध्ये आहे. सुनंदा म्हणते, झालं गेलं सोडून द्या. मी सोडणाऱ्यातला नाही. मीटिंग कधीतरी संपेल, दाजी. तुम्हाला आठवत नसेल तर ताईला विचारा, तिलाही आठवत नसेल तर दोघं मिळून बसा. पण उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. एक नाव सांगा.